घाटनांदूर : मागे राहिलेल्या लेकरांचे गाव

अंबाजोगाई शहराला रेल्वे नाही. आगगाडीने या तालुक्यात यायचे तर परळी ते लातूर रोड मार्गावरील घाटनांदूर स्टेशनवर उतरावे लागते. दिवाळी उलटल्यावर आम्ही चौघे तिथे उतरलो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचा आठवडाभर अभ्यास घ्यावा, एवढाच आमचा बेत होता.

दसरा झाला की या भागातील माणसे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी कर्नाटकात. तिथे कोपी उभी राहते. आई पहाटेच फडात जाते, मग धाकट्याला सांभाळायचे कोणी? थोरल्या बहिणीने. मुलगी शाळेतून उठते ती अशी. कर्नाटकात तर बहुतेक ठिकाणी शाळेची भाषाही कन्नड. चार-पाच महिन्यांनी लेकरू गावी परतते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

आम्ही रोज संध्याकाळी एका आजीच्या ओसरीवर मुलांना घेऊन बसू लागलो. तिची नात सहावीत. आईबाप तिला न्यायला निघाले, तेव्हा आजी आडवी आली होती. "पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. मी भाकरी टाकीन, पन तिची शाळा बुडू देनार न्हाई," असे म्हणून तिने दप्तर गाडीतून खाली घेतले.

तिसऱ्या दिवशी आजीला ताप भरला. नात वही घेऊन आली नाही. ती चुलीपाशी होती. आम्ही गणित शिकवायला गेलो होतो. त्या दिवशी पाणी भरले, खिचडी शिजवली. धडा आम्हालाच मिळाला. त्या मुलीची सारी शाळा एका म्हातारीच्या हातापायांवर उभी होती.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. शाळेचे दार उघडे असून भागत नाही, शिकणाऱ्याला निजायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आज अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर झाली. पण योजना घरी चालत येत नाही. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतून कोयते निघतात का? मग दसऱ्याआधीच शाळेत जा, मागे राहणाऱ्या लेकरांची नावे द्या, जेवणाची सोय कोण करणार ते विचारा.

आम्ही निघालो तेव्हा आजी उठून बसली होती. आम्ही जयभीम केला. नात भाकरी थापत होती आणि नऊचा पाढा मोठ्याने म्हणत होती. नऊ साते त्रेसष्टवर अडली, तेव्हा आजी म्हणाली, "थांब, भाकरी मी बघते. तू म्हन पुढं."