स्पंजावरचं कुरण

राजारामपुरीतल्या आमच्या घरात खिडकीखाली दोन फुटी टाकी आहे. तिच्या कोपऱ्यात काळा स्पंज उभा असतो. त्याच्या नळीतून हवेचे बुडबुडे वर जातात आणि त्यांच्या ओढीने टाकीतलं पाणी स्पंजात शिरतं. आलेला माणूस आधी हिरवी झाडं बघतो. मी स्पंज बघतो, कारण झिंगे तिथेच असतात. लाल चेरी श्रिंप, मोठी मादी जेमतेम इंचभर. पुढच्या बारीक चिमट्यांनी स्पंजावरून काहीतरी वेचायचं आणि तोंडात घालायचं, हे अखंड चालू. आईने पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाली, "जवळ्यागत दिसत्यात की रं."

सुरुवातीला मी फिल्टर निवडला तो माशांच्या हिशेबाने. काचेवर अडकवायचा डबा, त्यात पांढरा कापूस, सिरॅमिकच्या रिंगा, कार्बनची पिशवी. पाणी आरशासारखं झालं. माद्या पोटाखाली अंडी घेऊन तीन-चार आठवडे फिरायच्या, मग अंडी दिसेनाशी व्हायची आणि पिल्लं कुठेच नसायची. एकदा कापूस बदलायला डबा उघडला, तर तळाशी पिल्लं. या झिंग्याचं पिल्लू अंड्यातून थेट झिंगा होऊनच निघतं, पण असतं दोनेक मिलिमीटरचं. पाणी ओढणाऱ्या नळीच्या फटी त्याहून रुंद होत्या. त्या दिवसापासून मीडिया, म्हणजे फिल्टरमध्ये भरायचा माल, निवडताना माझा पहिला प्रश्न ठरला: पिल्लू यावर बसेल, की यात ओढलं जाईल?

स्पंजातही निवड असते. इंचाला किती छिद्रं, यावरून त्याचा आकडा ठरतो. पंचेचाळीसचा बारीक स्पंज गाळ छान धरतो, पण लवकर तुंबतो. मला तीसच्या आसपासचा मानवतो. पाणी सहज जातं आणि गाळ वरच्या थरात राहतो, झिंग्यांच्या तोंडाशी. आपण ज्याला घाण म्हणतो त्या बुळबुळीत थरात जिवाणू असतात, शेवाळ असतं, सूक्ष्म जीव असतात. पिल्लांना लांब जाऊन अन्न शोधता येत नाही. जन्मतात तिथेच चरतात. त्यांच्यासाठी स्पंज हे कुरण आहे.

ते कुरण मी एकदा स्वतःच्या हाताने उजाड केलं. नळाखाली धरून, पिळून, पुन्हा धरून. आई बघत होती. "तांब्या घासल्यागत काय घासाय लागलाईस?" नळाच्या पाण्यात क्लोरीन होतं, त्याने स्पंजातले जिवाणू मारले. आठवड्याभरात सात झिंगे गेले. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. कोणतेही असोत, ते जगतात मीडियावर. नुसतं टाकीचं पाणी बदललं तर फारसं बिघडत नाही. स्पंज मारला तर टाकी मरते. आता मी तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बुडवून दोन-तीनदा हलकेच दाबतो. ते तपकिरी पाणी तुळशीला जातं.

बाकीच्या मीडियांशी माझं नातं गरजेपुरतं. कार्बन औषध दिल्यानंतर ते ओढून घ्यायला वापरावा, एरवी नाही. त्यातही माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं आणि तांबं झिंग्याला विष आहे, तेव्हा ते औषध झिंग्यांच्या टाकीत येताच कामा नये. शिंपल्याचा चुरा कात टाकणाऱ्या झिंग्याला कॅल्शियम देतो, पण पीएचही चढवतो. पीएच ७ असताना अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याच्याही आत असतो. ८ला, साधारण २५ अंशांच्या पाण्यात, तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणून चुरा मी मूठभरच घालतो. झिओलाइटची खनिजं तर आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतच सापडतात. फिल्टरमधला झिओलाइट अमोनिया शोषतो, पण तो रोज वापरला तर जिवाणूंच्या तोंडचा घास काढून घेतो. माझ्याकडे तो डब्यात असतो, अडचणीच्या वेळेसाठी.

ती वेळ जुलै २०२१मध्ये आली. पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि २०१९सारखेच शहराचे नळ कोरडे पडले. टँकरचं पाणी पिण्याला पुरवायचं होतं, टाकीचं पाणी बदलणं शक्य नव्हतं. त्यात एका रात्री वीज गेली. हवेचा पंप थांबला. प्रवाह थांबला की स्पंजाच्या पोटातले जिवाणू गुदमरू लागतात. बंद डब्याचा फिल्टर अशा वेळी आतून सडतो. स्पंज उघड्या पाण्यात असतो, एवढाच आधार. झिओलाइट फडक्यात बांधून टाकीत सोडला आणि दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी उचलून उंचावरून स्पंजावर सोडत राहिलो. पावसाळा होता म्हणून निभावलं. मे महिन्यात, ३० अंशांच्या पाण्यात, २० अंशांपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी प्राणवायू मावतो. पहाटे वीज आली. दोन झिंगे गेले होते. बाकीचे उजाडल्यावर स्पंजावर चरताना दिसले, तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसलो.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा आला. नवी टाकी घेतली होती, झिंगे उद्याच आणायचे होते. नव्या मीडियावर जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. माझ्या टाकीत अशा वेळेसाठी दुसरा स्पंज मी नेहमी चालू ठेवतो. तो काढून दिला. "काका, हा घाण झालाय, नवीन नाही का?" मी म्हटलं, दही लावताना आई कोरं भांडं घेते, पण विरजण कालचंच घालते ना? तरी आठवडाभर थांब, मग पाचच झिंगे आण. स्पंज टाकीच्या पाण्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावू नको, हवा राहू दे, असं बजावलं. डबा दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, तो जिना उतरून गेला.