भोपळ्यातला दिवा

"मावशी, मेल्यावर आज्जी अशी झाली का?"

मळवली स्टेशनकडून भाज्याला जाताना वाटेत एका बंगल्याच्या फाटकावर प्लॅस्टिकचा सांगाडा टांगला होता. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांची हॅलोविनची पार्टी होती. विचारणारा आमच्या शब्बाथ शाळेतला सात वर्षांचा मुलगा. त्याची आजी त्याच पावसाळ्यात गेली होती. मी त्याचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "तिकडे बघू नकोस, तो आपला सण नाही."

ते उत्तर मला वर्षभर खुपत राहिलं. पोराने विचारलं होतं आजीबद्दल, आणि मी बोलले सणाबद्दल.

शिवाय ते पुरतं खरंही नव्हतं. हॅलोज म्हणजे पवित्र जन. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची पूर्वसंध्या. हॅलोविन हे नावच त्यातून आलं. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या घरी ३१ ऑक्टोबरला आठवण निघे ती १५१७ सालच्या मार्टिन ल्यूथरची, संतांचा दिवस कधी पाळला नाही. पण इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आम्ही लहानपणापासून वाचतो. त्यात तरी दुसरं काय आहे? हाबेलापासून एकेकाचं नाव घेऊन त्याचा विश्वास सांगितलाय. गेलेल्यांची नावं कशी घ्यायची, हे आमच्याच पुस्तकात होतं. मी मुलांना ते कधी करू दिलं नव्हतं.

म्हणून गेल्या ३१ ऑक्टोबरला मुलांना घरी बोलावलं. दोनच अटी घातल्या. घरातल्या गेलेल्या एका माणसाचं नाव आणि त्याची एक गोष्ट आणायची, आणि मुखवटा नको.

भोपळा मात्र हवाच, असा मुलांचा हट्ट. मग बाजारातून चांगला पाच किलोचा लाल भोपळा आणला. त्याची साल इतकी टणक की तिने सुरीला दाद दिली नाही, शेवटी कोयता घ्यावा लागला. देठाकडून टोपी कापून मुलांनी चमच्यांनी आतला गर खरवडला, बिया ताटात पसरून उन्हात ठेवल्या. डोळे-दात कोरण्याऐवजी त्यांनी एक चांदणी कोरली. तिचा एक पाय मोडला, तो तसाच राहिला. गर गुळात शिजवला, त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडी इंद्रायणी तांदळाची पिठी घालून घारगे थापले. संध्याकाळपर्यंत घरभर गूळ आणि तळणीचा वास होता. बाहेर भातकापणीचे दिवस, ओल्या पेंढ्याचा वास त्यात मिसळलेला.

अंधार पडल्यावर भोपळ्यात पणती ठेवली आणि घरातले दिवे मालवले. आधी ख्रिस्ती थोरांची पाळी. एक जण नारायण वामन टिळक झाला. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने टिळकांना बायबल दिलं, ही गोष्ट रुळांच्या कडेला वाढलेल्या आमच्या मुलांना फार जवळची वाटते. त्याने खिशात लोकलचं तिकीटही ठेवलं होतं. एका मुलीने आईची पांढरी ओढणी डोक्यावरून घेतली. ती पंडिता रमाबाई. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे, हे ऐकून दोघा-तिघांनी माना वर केल्या. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील आधीच्या दुष्काळात गेले होते, हेही तिने सांगितलं.

"मग परत दुष्काळात जायची भीती नाही वाटली त्यांना?" कोणीतरी विचारलं.

मी काही सुचवण्याआधीच ती म्हणाली, "वाटली असेल. तरी गेल्या."

मग घरची नावं आली. कुणाचे आजोबा रेल्वेत गँगमन होते, कुणाची काकू चर्चमध्ये सगळ्यात उंच सुरात गायची. प्रत्येक नावाला एक पणती भोपळ्याशेजारी लागत गेली. एका मुलीच्या जन्मताच गेलेल्या भावाला नाव नव्हतं. तिने नुसतीच पणती लावली. आम्ही सगळे गप्प होतो. लोणावळ्याकडे जाणारी गाडी धडधडत गेली तशा ज्योती एकदम हलल्या.

शेवटी सांगाड्याबद्दल विचारणारा तो मुलगा उठला. आजीचं पूर्ण नाव घेतलं, सासरच्या आडनावासकट. म्हणाला, "ती मला चिखलातून कडेवर घेऊन शाळेत सोडायची. तिच्या पदराला मिश्रीचा वास यायचा."

मी त्याला जवळ घेतलं आणि वर्षभर राहून गेलेलं उत्तर दिलं. "आज्जी तशी नाही झाली रे. तिचं शरीर थकलं, ते आपण मातीत ठेवलं. ती येशूजवळ आहे. ती तुला घाबरवायला कधीच येणार नाही."

तो बराच वेळ पणतीकडे बघत बसला. मग विचारलं, "तिथे चिखल आहे?"

"नसेल," मी म्हटलं.

निघताना त्याने आजोबांसाठी चार घारगे कागदात बांधून घेतले. भोपळाही मागितला. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पणती विझू नये म्हणून अगदी हळूहळू चालत तो भाज्याच्या रस्त्याला लागला. त्या बंगल्याच्या फाटकावर या वेळीही काहीतरी टांगलेलं होतं. मी दारातून बघत होते. त्याची चाल तिथे बदलली नाही. मोडक्या पायाची चांदणी वळणापर्यंत दिसत राहिली.