परतवाड्याहून मेळघाटांत

परतवाड्यास उतरणाऱ्या पाहुण्यास प्रथम जाणवतो तो सागवानाचा वास. मेळघाटच्या डोंगरांतले ओंडके येथील वखारींत वर्षानुवर्षें येत आले आहेत, आणि वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांच्या कित्येक तुळयांचें व खांबांचें माहेर हाच बाजार होय. गेल्या चैत्रांत आम्ही घरचीं सात माणसें मेळघाट पाहण्यास निघालों, तेव्हां पहिला मुक्काम येथेंच केला. एका ओंडक्याच्या कापावरील वलयें मोजतां मोजतां धाकट्या पुतण्यानें विचारिलें, “काका, उद्यां वाघ दिसेल ना?” मीं ‘दिसेल’ म्हणून टाकलें, ती माझी चूक.

पहाटे निघून बिहाली, घटांग करीत आम्ही सेमाडोहास पोचलों. येथून सिपना नदी वाहते. कोरकू भाषेंत सागास सिपना म्हणतात, तेंच नदीचें नांव. चैत्रांत साग उघडा असतो. सुपाएवढीं वाळलेलीं पानें जमिनीवर इतकीं दाट पसरलीं होतीं कीं, एखादा मोर चालला तरी बैल चालल्यासारखा आवाज होई. वाटाड्याबरोबर ठराविक वाटेनें तीन-चार तास हिंडलों. सांबरांची जोडी दिसली, दूर उतारावर रानगवे दिसले, वानरें तर हवीं तितकीं. वाघ दिसला नाहीं. पुतण्या रुसून बसला, आणि वहिनींनीं विचारिलें, “एवढें अफाट अरण्य, आणि वाघ इतके थोडे कां?”

प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर घरच्या जमाखर्चासारखें आहे. अरण्याचें मूळ भांडवल म्हणजे ऊन. अंगावर पडणाऱ्या उन्हापैकीं शेंकडा एखादाच भाग झाडें-गवत साठवूं शकतात, आणि त्यांतूनही कांहीं त्यांच्या स्वतःच्या जगण्यांत खर्चीं पडतें. तें गवत सांबर खातें. परंतु खाल्लेलें सारें अंगीं लागत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कांहीं शेणावाटे जातें. बरेंचसें श्वासांत, धावण्यांत, अंगाची ऊब राखण्यांत संपतें. स्थूलमानानें दहांतला एक वांटा मांसाच्या रूपानें उरतो, आणि त्याचाही दहावा वांटा वाघाच्या अंगीं लागतो. अमेरिकेंतील रेमंड लिंडमन ह्या तरुण शास्त्रज्ञानें मिनेसोटा प्रांतांतील एका लहानशा तळ्याचा असाच हिशेब मांडला होता. वयाचीं सत्तावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो वारला. त्याचा निबंध मृत्यूनंतर, १९४२ सालींच छापला गेला. एका वाघास वर्षाकाठीं सांबर-चितळासारखीं सुमारें पन्नास जनावरें लागतात, आणि कळप न खुटतां तीं मिळावयाचीं तर पांचशें तरी जनावरें त्याच्या टापूंत चरत असावीं लागतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वाघ विरळा दिसतो हा अरण्याचा दोष नव्हे.

हा हिशेब सरळ रेघेचा मात्र नाहीं. अरण्यांत पिकलेल्या पाल्यापैकीं फारच थोडा हरिणांच्या तोंडीं पडतो. पावसाळ्यांत सागाच्या पानांची चाळणी करणाऱ्या अळ्या आहेत. त्या पांखरें टिपतात. उरलेलीं पानें गळतात, आणि तीं बुरशी व वाळवी खातात. वाळवीचें वारूळ उकरून अस्वल ती श्वासानें ओढून घेतें. त्यासाठींच कीं काय, त्याच्या वरच्या जबड्यांतले पुढचे दोन दांत मुळीं नसतातच! आमच्या पायांखालीं वाजणारा तो पाचोळा म्हणजे अरण्याचें मोठें कोठार होतें, आणि आम्ही मात्र दुर्बीण घेऊन वाघ शोधीत होतों.

येथवर मी उत्साहानें बोलत होतों. वाटाड्या कोरकू होता; तो शांतपणें म्हणाला, “गवत गुरांनाही लागते ना, साहेब.” मी गप्प झालों. १९७३ सालीं देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि त्याच्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होतें. पुढें ह्या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा, कुंड हीं गांवें गाभ्यांतून उठून बाहेर गेलीं, आणि मागून आणखीही गेलीं. जेथें शेतें होतीं तेथें कुरण झालें, गुरांच्या जागीं सांबर आलें. वाघाच्या बाजूनें पाहतां हें योग्यच, असें मला अजूनही वाटतें. परंतु १९९० नंतरच्या दशकांत ज्या मेळघाटच्या कुपोषित बालकांच्या बातम्यांनीं महाराष्ट्र हादरला, तेथेंच हा हिशेब मांडावयाचा, तर अंगीं लागणें हा शब्द उच्चारतांना जीभ अडखळते. गाभ्याबाहेर गेलेल्यांच्या ताटांत काय पडलें, हेंही त्याच वहींत लिहिलें पाहिजे.

परततांना एका मोहाच्या झाडाशीं गाडी थांबली. फुलांचा सडा पडला होता, आणि गोड, आंबूस वास सुटला होता. वाटाड्या म्हणाला, त्याच्या गांवाजवळच्या मोहावर त्याची आई ह्या दिवसांत उजाडण्यापूर्वींच टोपली घेऊन जाते. अस्वलही त्याच वेळीं येतें.

“मग?” पुतण्यानें विचारिलें. वाघाचा राग तो विसरला होता.

“कधीं ते आधीं येते, कधीं आई,” वाटाड्या म्हणाला. “आई लांबूनच आवाज देते, अन् थांबते.”