सर्वांच्या मागून

डिसेंबर महिना आला की नाशिककडे थंडीचा कडाका वाढतो. निफाडच्या बाजूस तर पारा इतका खाली उतरतो की, द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना पहाटे बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा दिवसांत अंगावरचे पांघरूण दूर करणे कोणालाही जिवावर येते. परंतु याच दिवसांची वर्षभर वाट पाहणारी काही मंडळी नाशिक शहरात आहेत. पावसाळ्यातील निसरड्या वाटा आता वाळलेल्या असतात, उन्हाळ्याचा ताप अजून दूर असतो आणि आकाश कसे धुतल्यासारखे स्वच्छ असते. वैनतेय गिरिरोहण व गिरिभ्रमण संस्थेसारख्या मंडळांचे सभासद अशा वेळी पाठीवर पिशव्या बांधतात आणि शनिवार-रविवार डोंगरात घालवतात.

नाशिक जिल्ह्यात डोंगरांना तोटा नाही. त्यातही बागलाण तालुक्यातील साल्हेरचे आकर्षण काही निराळेच. सटाणा, ताहाराबाद आणि मुल्हेर मागे टाकून पुढे गेले की हा प्रचंड किल्ला समोर उभा राहतो. त्याची उंची १५६७ मीटर असून महाराष्ट्रातील किल्ल्यांत तो सर्वांत उंच मानला जातो. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर तेवढे त्याच्याहून उंच. १६७२ साली याच किल्ल्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांशी उघड्या मैदानात झुंज देऊन विजय मिळवला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत साल्हेरचाही समावेश आहे.

पायथ्याच्या वाघांबे गावातून चढण सुरू होते. साल्हेर आणि त्याचा शेजारी सालोटा यांच्यामधील खिंड गाठली की काळ्या पाषाणात खोदलेल्या पायऱ्या लागतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक बनला. म्हणूनच सह्याद्रीचे कडे एकावर एक रचलेल्या ओट्यांसारखे दिसतात. त्या खडकाला छिन्नी लावून कोणा अज्ञात हातांनी ही वाट घडवली.

या वाटेवर माणसांची जी रांग चालते, तिलाही एक शिस्त असते. वाट जाणणारा एक जण पुढे असतो, हे कोणाच्याही ध्यानी येते. परंतु तितकाच अनुभवी असा दुसरा एक जण सर्वांच्या मागे ठेवलेला असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दरवाजातून प्रथम आत जाण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येत नाही. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला, कोणाच्या टाचेला फोड आला, कोणाला धाप लागली, की तो थांबतो. त्याच्यामागे कोणीही राहायचे नाही, एवढा एकच नियम तो पाळतो.

या नियमाची खरी कसोटी लागते ती सायंकाळी. माथ्यावर परशुरामाचे लहानसे मंदिर आहे. तेथून मांगीतुंगीचे सुळके, मुल्हेर, हरगड आणि दूरवर पसरलेल्या डोंगररांगा मावळत्या उन्हात न्हालेल्या दिसतात. हे दृश्य पाहावे म्हणून तर सारा खटाटोप! पण हिवाळ्यातला दिवस लहान. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. अशा वेळी एखादा नवखा मुलगा अर्ध्या पायऱ्यांवरच दमून बसला, तर काय करावे? पुढच्यांनी घाई केली तर त्यांना सूर्यास्त मिळेल. पण मागचा मुलगा काळोखात कड्यावर अडकून पडेल. जाणते मंडळ अशा वेळी क्षणभरही घोटाळत नाही. पुढचे थांबतात. कोणी त्या मुलाची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो, कोणी त्याला पाणी पाजतो. सूर्य निघून जातो. पण तो उद्या पुन्हा येणार असतो.

डोंगर मोठा असो वा लहान, त्याचा हा धडा बदलत नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी हे दोघे जगातील सर्वोच्च शिखरावर, एव्हरेस्टवर, पोहोचले. त्यांच्या त्या दोन पावलांखाली संपूर्ण तुकडीचे आणि शेकडो ओझेकऱ्यांचे श्रम होते. तुमच्यापैकी आधी कोण पोहोचले, असे लोक त्यांना पुनःपुन्हा विचारीत. आणि आम्ही जवळजवळ बरोबरच पोहोचलो, असे ते दोघेही कितीतरी दिवस सांगत राहिले. एकाच दोराने बांधलेल्या माणसांना पहिला आणि दुसरा हा हिशेब क्षुल्लक वाटतो.

साल्हेरच्या पठारावर गंगासागर तलाव आहे आणि जवळच मुक्कामास योग्य अशा गुहा आहेत. रात्री तेथे वारा घोंघावू लागतो आणि थंडी हाडांपर्यंत पोहोचते. पुढे आलेल्यांना भूक लागलेली असते, शिधाही जवळच असतो. तरीही कोणी पिशवी सोडत नाही. अंधारात खालच्या वळणावर एक विजेरी चमकते, मग दुसरी. दमलेला मुलगा हळूहळू वर येतो आणि त्याच्या पाठोपाठ तो मागचा गडी. मग मोजणी होते. प्रत्येक जण आपला क्रमांक मोठ्याने उच्चारतो. शेवटचा आकडा कानी पडला, म्हणजे मगच चूल पेटते.