रंग देण्याआधी

अश्दोदला राहणाऱ्यांना गंजाविषयी सांगायला नको. समुद्राचे खारे वारे बाल्कनीच्या कठड्याला सोडत नाहीत, तर रस्त्यावर उभ्या गाडीला काय सोडणार! आमच्याकडे १९८५ सालची पांढरी सुबारू होती. त्या वर्षांत इस्राएलात जिकडेतिकडे सुबारूच दिसे, कारण अरब बहिष्काराच्या धाकाने इतर जपानी मोटार कंपन्या बहुधा इथे यायला धजत नसत.

१९९४ साली मागच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा फुगला. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी घरीच रंग द्यायचे ठरविले. एका शुक्रवारी सुटलेला रंग खरवडला, वर लांबी थापली आणि रंग मारून मोकळा झालो. बाबांनी विचारले, "खालचा गंज काढलास ना?" मी म्हटले, "हो." काढला नव्हता. हिवाळा संपायच्या आत तिथेच फोड आले.

बाबा मुंबईस माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांना रंग देत असत. इथे आल्यावर त्यांना दुसरेच काम मिळाले आणि ब्रश सुटला तो कायमचा. आता काचबिंदूने त्यांना फारसे दिसतही नव्हते. म्हणूनच मी खोटे बोलू शकलो, हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

पेसाहनंतर पुन्हा सुरुवात केली. या वेळी बाबा स्टूल घेऊन गाडीशेजारी बसले. आधी साबणाने धुणे, मग मेण व तेलकटपणा काढणे. पॉलिश पेपर त्यानंतर. उलट केले तर घासताना तेच मेण ओरखड्यांत जाऊन बसते आणि त्यावर रंग धरत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहिला. आवाज बद्द आला की आत कुजलेले समजायचे. तेवढा पत्रा कापून नवा तुकडा जोडून आणला, बाकीचा चकचकीत होईपर्यंत घासला.

इथे एक घोटाळा झाला. शुक्रवारी दुपारी मी हौसेने एक अख्खा दरवाजा उघडा केला. शब्बाथ आला, काम थांबले. शनिवारी रात्री बॅटरी घेऊन पाहतो तो साऱ्या पत्र्यावर नारिंगी झाक! पुन्हा घासणे आले. बाबा म्हणाले, "दिवे लावायच्या आधी जेवढ्याला प्रायमर लागेल तेवढाच पत्रा उघडा कर." तेव्हापासून मी वीतभरच काम धरू लागलो.

लांबी कोरडीच घासायची, कारण ती पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली गंज आणते. आधी ८० नंबर, मग १८०, मग ३२०, आणि पेपर नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासले की खळगे पडतात. प्रायमरवर काळ्या रंगाची विरळ फवार मारून घासले म्हणजे खोलगट जागी काळे उरते. मी ते डोळ्यांनी पाही, बाबा तळहात फिरवीत. एकदा मला कुठेच काळे दिसेना, पण त्यांचा हात दरवाजाच्या कडेशी थांबला. "इथे उतार आहे." मी उन्हात वाकून, तिरके होऊन पाहिले. होता.

शेवटी ६०० नंबरचा पेपर पाण्याने फिरविला. रंग मात्र साधाच घेतला. हार्डनर मिसळायच्या रंगातले आयसोसायनेट साध्या मुसक्याने अडत नाही, तो घरी फवारण्याचा रंग नव्हे. शारावचे गरम वारे गेल्यावर, सकाळी लवकर, दोन दिवसांत काम आटोपले.

गाडी आम्ही २००३ साली विकली. चाकांवर शेवटपर्यंत फोड आला नाही. डावा दरवाजा मात्र खालून गंजला, कारण त्यातले पाणी निथळायची भोके मी लांबीने बुजवून टाकली होती, आणि बाबांचा हात तितका खाली पोचत नव्हता.