हातभर स्पष्टता

जयपूर शहराच्या आग्नेयेला, वस्तीला अगदी खेटून, झालानाच्या टेकड्या आहेत. संस्थानी काळात हे राजघराण्याचे शिकारीचे रान होते; ‘शिकार ओदी’ ही वास्तू त्या दिवसांची साक्ष देत अजून उभी आहे. आज तेथे बिबट्यांसाठी राखलेले वन आहे आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. रान प्रामुख्याने धोक वृक्षांचे. महाराष्ट्रातील धावड्याच्या कुळातला हा वृक्ष अरवलीच्या खडकाळ उतारांवर दाटी करून वाढतो. पावसाळ्यात हिरवागार, हिवाळ्यात तांबूस आणि उन्हाळ्यात नुसते करड्या काटक्यांचे जाळे. या जाळ्यासमोर पाच किलो वजनाचे, हाताने फोकस करावयाचे टेलिफोटो भिंग घेऊन बसणारा माणूस आता विरळाच.

त्याला जुनाट ठरवणे सोपे आहे. १९८५ साली मिनोल्टा कंपनीने स्वयंचलित फोकसचा ‘७०००’ हा कॅमेरा आणला आणि त्यानंतर वलय फिरवणाऱ्या बोटांचे महत्त्व ओसरत गेले. मोकळ्या आकाशातला ससाणा टिपायचा असेल तर यंत्र बोटांना केव्हाच मागे टाकते, हे निःसंकोच मान्य करावे. रानात मात्र गोष्ट निराळी होते. छायाचित्रकार आणि त्याचा विषय यांच्यामध्ये शंभर काटक्या असतात आणि यंत्र पुष्कळदा त्यांतल्या सर्वांत जवळच्या काटकीला चिकटते. त्याला कडा दिसते. कोणती कडा हवी आहे, हे दिसत नाही.

चारशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र २.८ इतके उघडले आणि विषय वीस मीटरवर असला, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली भरते जेमतेम चाळीस सेंटिमीटर. जुन्या मापात सांगायचे तर हातभर. त्याच्या अलीकडचे रान धुके होते, पलीकडचेही धुके होते. एवढ्या अरण्यातून कोणता हात निवडायचा, हा प्रश्न तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. बिबट्याचा डोळा निवडावा, की ज्या खोडाआडून तो पाहतो आहे त्या खोडाची भेगाळलेली साल? पहिले चित्र प्राण्याचे होईल, दुसरे रानाचे. वलय किंचित पुढे न्यायचे, मागे आणायचे, पुन्हा पुढे न्यायचे; या चाचपण्यातच निर्णय घडत असतो.

या भिंगांचा एक विशेष तर फारच बोलका आहे. त्यांतील खास प्रकारची काच उष्णतेने प्रसरण पावते, म्हणून अशा अनेक भिंगांचे वलय अनंताच्या खुणेपाशी थांबत नाही. थोडे पलीकडे सरकते. जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी अनंत एकाच जागी सापडत नाही. तेही डोळ्यानेच ठरवावे लागते.

वजनाचे म्हणाल, तर जयपूरला जड यंत्रांचे वावडे कधीच नव्हते. महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) एकोणिसाव्या शतकात ओल्या काचपट्टीवर छायाचित्रे घेत, तेव्हा कॅमेऱ्यासोबत रसायने आणि अंधारी खोलीही हाताशी असावी लागे. त्याहून मागे जाऊन पाहावे ते सवाई जयसिंहांच्या जंतरमंतरकडे. पितळेची लहान यंत्रे डळमळतात, झिजतात, म्हणून त्यांनी चुन्या-दगडात प्रचंड यंत्रे उभारली. तेथील सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. पण सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्यामुळे सावलीची कड चार बोटांहून अधिक रुंद, पुसट अशी पडते. तिची नेमकी रेषा शोधण्यासाठी निरीक्षकाला दोरा किंवा काडी धरून स्वतः ठरवावे लागे. दगडाने स्थैर्य दिले. निर्णय मात्र दिला नाही. पाच किलोंच्या भिंगाचेही तसेच आहे. ते फार फिरू देत नाही, जीपच्या कडेवर वाळूची पिशवी ठेवून तीवर विसावते आणि माणसाला एका जागी बसवते. पुढचे काम बसलेल्याचे.

हे बसणे ज्यांनी जाणले, त्यांत संडूरच्या मराठा राजघराण्यातील एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११) यांचे नाव घ्यावे लागेल. कर्नाटकाचे अर्थमंत्रिपद सांभाळलेल्या या गृहस्थांचे वन्यजीव छायाचित्रांचे पुस्तक १९८३ साली निघाले, ‘सनलाइट अँड शॅडोज’. मुख्य शीर्षकात ना वाघ, ना हत्ती. आहे ते ऊन आणि सावली. मराठी समीक्षेने या पुस्तकाकडे लक्ष द्यावयास हवे होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मात्र या साऱ्याचा भार ज्या डोळ्यावर, तो डोळाच वयाबरोबर थकतो. मोतीबिंदूने आधी कडा विरघळतात. पाहणाऱ्यास वाटते, धुके रानात आहे. नव्या कॅमेऱ्यांत फोकस झालेल्या कडा रंगवून दाखवण्याची सोय आहे, पण काटक्यांच्या रानात रंगीत ठिणग्यांचीच गर्दी उडते. मग शस्त्रक्रिया होते आणि डोळ्यात कृत्रिम भिंग बसते. बहुधा एकाच अंतरावर स्थिरावलेले, वलय नसलेले.

अशा डोळ्याने झालानात बसलेला वृद्ध छायाचित्रकार आता पूर्वीइतका चपळ नसतो. जीपचे इंजिन बंद असते. धोकांमागे ठिपके हलतात, थांबतात. बोटे वलयावर मागे-पुढे होतात. ठिपके की उन्हाचे कवडसे, एवढे ठरेपर्यंत बिबट्या उठून उताराआड जातो. दृश्यचौकटीत उरते एक खोड, हातभर स्पष्ट, सालीच्या भेगेत अडकलेल्या तांबूस पानासह. चालक किल्लीकडे हात नेतो. वृद्ध त्याला खुणेने थांबवतो आणि कळ दाबतो.