जहाजाचं पोट

वेल्डर म्हटलं की आमच्या नातेवाईकांना खिडकीचं ग्रिल आठवतं. लग्नात कोणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, "आमच्या गेटचं बिजागर निखळलंय, येऊन जाशील का रे?" मी जातोही :) पण माझं पोट चालतं ते जहाजांच्या दुरुस्तीवर. चोवीस वर्षं झाली. पाऊस, ट्रेक, आईची घावणं, सगळ्यावर इथे लिहून झालं, कामावर कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

मुंबई बंदरातल्या ह्यूज ड्राय डॉकमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा बघतच राहिलो. १९१४ सालची ही गोदी, हजार फूट लांब, शंभर फूट रुंद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं आणि पाणी उपसायचं. जहाज हळूहळू ठोकळ्यांवर बसतं आणि त्याचं पोट उघडं पडतं. शेवाळ, शिंपले, आणि दोन दिवस ऊन लागलं की असा वास की डबा उघडवत नाही. आपण त्या पोटाखाली वाकून चालायचं. डोक्यावर किती हजार टन आहेत याचा विचार पहिल्या दिवशी येतो, नंतर येत नाही.

समुद्र लोखंड खातो, आणि रंगाखालून खातो. वरून ठणठणीत दिसणारी बारा मिलिमीटरची प्लेट मापक लावला की नऊच निघते. मग सर्व्हेअर खडूने चौकोन आखून देतो. तेवढा भाग कापायचा आणि नवी प्लेट बसवायची. चौकोन म्हटलं खरं, पण त्याचे कोपरे गोल कापायचे असतात. नवशिक्याला हा उगाच वाढवलेला त्रास वाटतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने वेल्डिंगची लिबर्टी जहाजं बांधली. त्यातल्या काहींना हॅचच्या काटकोनी कोपऱ्यांतून तडे गेले. स्केनेक्टडी नावाचा नवाकोरा टँकर तर १६ जानेवारी १९४३ला पोर्टलंडला धक्क्यावर उभ्या-उभ्या जवळजवळ दुभंगला. ना वादळ, ना टक्कर. थंडीत ते पोलाद ठिसूळ व्हायचं हे एक कारण. दुसरं असं, की रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटच्या जोडापाशी थांबू शकतो, वेल्डिंग केलेलं जहाज म्हणजे एकसंध लोखंड, तडा पळतच सुटतो. हे वाचल्यापासून मी कोपरा कापताना कोणाची घाई ऐकत नाही.

तसंच रॉडचं. आमचे ७०१८चे रॉड भट्टीत तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजून गरम डब्यातूनच कामावर न्यायचे. दमट रॉडचं वेल्डिंग दिसायला सुरेख होतं, पण ओलीतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि तडा जातो काही तासांनी, वेल्डर घरी जाऊन आमटी-भात जेवत असताना. आणि मुंबईची हवा... जुलैत तर विचारूच नका.

पण खरी भीती वेगळीच. टाकी. मॅनहोलमधून अंग चोरून आत जायचं, आत मिट्ट काळोख. बरेच महिने बंद असलेल्या टाकीत लोखंड गंजत असतं आणि गंज हवेतला ऑक्सिजन खातो. वास येत नाही, ठसका लागत नाही. माणूस उतरतो आणि बसल्यासारखा खाली जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तसाच. म्हणून आधी पंख्याने हवा भरायची, मीटरवर ऑक्सिजन एकवीसच्या आसपास हवा, जळणारा वायू शून्य. आणि हे सगळं त्याच दिवशी तपासलेलं.

काही वर्षांपूर्वी एका कामावर शेजारची टाकी इंधनाची होती आणि हातात आदल्या दिवशीचा दाखला. तपासणारा माणूस दुपारी येणार होता, जहाज संध्याकाळी सोडायचं होतं. ठेकेदार म्हणाला, "काल ठीक होतं ना? एका रात्रीत काय होतंय?" मी म्हटलं, दुपारपर्यंत थांबतो. तो थांबला नाही. दुसरा वेल्डर उतरला, काम केलं, संध्याकाळी हसत बाहेर आला. झालं! मी घाबरट ठरलो. सहा महिने त्याच्याकडून बोलावणं नाही. त्या वर्षी मुलीची फी सौ.ने भिशीच्या पैशांतून भरली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण घरात पैशांचा विषय निघाला की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

त्या टाकीत काही होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. पुन्हा वेळ आली तरी मी दुपारपर्यंत थांबेन, एवढं मात्र ठाऊक आहे. आता पिशवीत स्वतःचा मीटर असतो. पोरं चेष्टा करतात, "काकांचा मोबाईल वाजला."

पुढच्या महिन्यापासून भाचा हाताखाली येतोय. आयटीआय झालाय, हात चांगला आहे, डोक्यावरचं वेल्डिंग माझ्यापेक्षा सरळ मारतो (हे त्याला सांगू नका). ताई, तू हे वाचतेसच. पहिला महिना मी त्याला होल्डर देणार नाहीये. मॅनहोलपाशी बसवणार आहे, आत गेलेल्या माणसांची नावं आणि वेळ लिहायला, आणि दर दहा मिनिटांनी हाक मारायला. तो चिडून घरी फोन करेल तेव्हा त्याची बाजू घेऊ नकोस.